ब्लूग्रास, स्ट्रिंग बँड, बँजो : मराठीत काय लिहावे?

प्रश्न : अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागातील, स्वतःच गाणी रचून वाजवणाऱ्या एका संचाची ओळख मराठीत करून द्यायची आहे. ‘ॲकॉस्टिक स्ट्रिंग बँड’ला ‘तंतुवाद्यवृंद’ आणि ‘ब्लूग्रास’ला ‘नील-तृण संगीत’ म्हटलेले चालेल का? ‘ओरिजिनल फोक’साठीही शब्द सुचवावा.

उत्तर : ‘नील-तृण’ कृपया टाळावे. ‘ब्लूग्रास’ हे नाव आधी एका गवताचे, त्यावरून केंटकी राज्याचे टोपणनाव. मॅन्डोलिनवादक-गायक बिल मन्रो यांनी ते आपल्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या संचाला दिले आणि १९५०च्या दशकात त्या धाटणीच्या संगीतालाच लोक ब्लूग्रास म्हणू लागले. गंमत अशी, की मन्रो यांचे रोझीन हे गाव केंटकीच्या पश्चिम भागात आहे आणि त्या गवताचा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश लेक्सिंग्टनच्या आसपास आहे. विशेषनामावरून आलेला शब्द तसाच ठेवावा.

‘वृंद’ म्हटले की संचालक, स्वरलेखन आणि वादकांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. इथे असतात चार-पाच जण : मॅन्डोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार आणि बोटांनी छेडला जाणारा उभा बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य). तालवाद्य बहुधा नसतेच. बासच्या ठोक्यांमधल्या जागी मॅन्डोलिनवादक तारा छेडून लगेच दाबतो आणि त्या तुटक आघातावर लय उभी राहते. एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहून ज्याची पाळी तो पुढे सरकून वाजवतो, ही जुनी रीत काही संच आजही पाळतात. म्हणून ‘तंतुवाद्यांचा संच’ म्हणावे. ‘ॲकॉस्टिक गिटार’ मराठीत रुळलेलेच आहे, तेव्हा ‘ॲकॉस्टिक’ही राहू द्यावे, ‘ध्वनिकीय’ हा भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला शब्द इथे उपरा वाटतो. ‘ओरिजिनल फोक’साठी ‘स्वरचित लोकगीते’ म्हणता येईल.

शंका : लोकगीताला कर्ता नसतो असे आपण मानतो. मग ‘स्वरचित लोकगीते’ हा वदतोव्याघात नव्हे काय?

उत्तर : तितकासा नाही. होनाजी बाळा, राम जोशी यांच्या लावण्यांत कर्त्याची नाममुद्रा असते, तरी लावणी आपण लोककलेतच धरतो. अमेरिकेतही ‘फोक’ हा शब्द परंपरागत गाण्यांइतकाच त्या वळणाच्या नव्या रचनांसाठी वापरतात. तरीही ‘लोकशैलीतील स्वरचित गाणी’ असे लिहिल्यास शंकेला जागा उरणार नाही.

पुरवणी : ‘बँजो’ शब्दाला मात्र जपावे. मुंबईत बँजो पार्टी म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीत कर्ण्यांवरून घुमणारे, टंकयंत्रासारख्या कळा असलेले बुलबुलतरंगाच्या जातीचे वाद्य आठवते. ब्लूग्रासचा बँजो वेगळा : गोल कडीवर पडदा ताणलेला, लांब मानेचा, पाच तारांचा. त्याचे मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहे. १९४५च्या अखेरीस बँजोवादक अर्ल स्क्रग्ज मन्रो यांच्या संचात आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या झरझर वादनाने तो या संगीताची ओळखच बनला. निदान पहिल्या उल्लेखात ‘पाचतारी अमेरिकी बँजो’ असे लिहावे, नाहीतर वाचक मिरवणुकीत जाऊन पोहोचेल.