वांग्याचं फूल आणि नादकाटा

शाळेत मधमाश्यांची पेटी आणली की परागीभवन आपोआप शिकवून होतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. पेटी आली की पोरं मधाच्याच मागे लागतात. आमच्या बडोद्यातल्या शाळेत कुंपणालगत वांग्याची आठ-दहा रोपं आहेत (वर्गात सगळे ‘रींगण’च म्हणतात). वांग्याच्या फुलात पराग उघड्यावर नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. हलवल्याशिवाय काही पडत नाही. मधमाशीला ते जमत नाही. जमतं ते लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याला. तो फुलाला बिलगतो आणि उडायचे स्नायू असे थरथरवतो की गुणगुण ऐकू येते नि पराग झडतो.

हे दाखवायला मी प्रयोगशाळेतला नादकाटा (आपटला की थरथरून एकसारखा नाद काढणारा धातूचा दुबेळक्याचा काटा) आणला, रबरी ठोकळ्यावर आपटून ताज्या फुलाला टेकवला, खाली काळा कागद धरला. पिवळी भुकटी पडली तेव्हा सातवीचा वर्ग चक्क गप्प! मग प्रत्येकालाच नादकाटा हवा झाला, तास तिथेच संपला. आता माळीकाकांना एवढंच सांगून ठेवलंय, कोपऱ्यातले वाळके बांबू फेकू नका, भुंगे त्यातच राहतात.