फळांचा वास आणि ‘केमिकल’
‘परफ्यूममधला फळांचा वास म्हणजे नुसतं केमिकल, खरा अर्क कुठाय?’ असं कुणीतरी विचारलंय, म्हणून लिहिते. आंबा किंवा पीचचा अर्क फुलांसारखा गाळून हाती लागत नाही, तो वास प्रयोगशाळेतच जुळवावा लागतो. गेरलाँ या फ्रेंच कंपनीच्या ‘मित्सुको’ परफ्यूममध्ये १९१९ सालीच पीचच्या वासासाठी लॅक्टोन हे प्रयोगशाळेत बनवलेलं सुगंधी रसायन वापरलं होतं. निशिगंधाचा अर्क मात्र खराच मिळतो, पण महाग.

मी चाफा-आंब्याचं असंच एक परफ्यूम बेळगावच्या जुलैत लावलं. थंड, ओल्या हवेत गोडवा अजिबात अंगावर आला नाही. तासाभराने मनगटावर पिकल्या फणसाचा, किंचित आंबूस वास उरला, अगदी खानापूरकडच्या परसातला! मला तोच सगळ्यात आवडला. एप्रिलात मात्र एकच फवारा मारा, तोही कपड्यांवर.