मदत हवी आहे: लॅपटॉप झोपतो, पण उठताना हँग होतो

खारीबटर:
नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आली आहे, म्हणून विचारते.

लॅपटॉप 2020 साली घेतलेला, 16 जीबी रॅम. राहते मुलुंडला, नोकरी फोर्टात एका सीएंच्या ऑफिसात. रात्री काम संपलं की झाकण मिटते, सकाळी तसाच सॅकमध्ये टाकते आणि ऑफिसात गेल्यावर उघडते. पाच वर्षं बिनबोभाट चाललं होतं. दिवाळीनंतर मात्र झाकण उघडलं की लॉक स्क्रीन येते आणि तिच्यावरचं घड्याळ अजून रात्रीचे 11.40 दाखवत असतं! माउसचा बाण फिरतो. पासवर्ड टाकून एंटर मारला की ठिपके गोल गोल फिरत राहतात आणि थोड्या वेळाने बाणसुद्धा गार. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. आठवड्यातून तीनदा तरी. परवा एका क्लायंटचं जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं होतं, शेवटची तारीख 20, आणि रात्री जुळवलेली एक्सेल सेव्ह न करताच मी झाकण मिटलं होतं. पुढचं सांगत नाही.

दुपारी जेवायला जाताना मिटला तर मात्र नीट उठतो.

विंडोजचे सगळे अपडेट मारले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा टाकला, अँटिव्हायरस बदलला. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून त्याच सुमारास 11 घेतलं. त्याचा काही संबंध असेल का?

दुपारची झोप:
मीही सकाळी असाच उठतो. आधी ठिपके, मग गार. उपाय मिळाला तर मलाही कळवा.

हातोडी:
फॉरमॅट मारा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तिरफळ:
फॉरमॅट सगळ्यात शेवटी. आधी काय मेलंय ते बघू: पडदा, की मशीन, की आणखी काही.

ताई, पुढच्या वेळी हँग झाला की बटण लगेच दाबू नका. कॅप्स लॉक दाबून बघा, दिवा लागतो-विझतो का? मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, 'टुक' असा आवाज येऊन पडदा क्षणभर लुकलुकतो. तेवढ्याने मशीन ताळ्यावर आलं तर दोष ग्राफिक्सचा.

दुसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी स्लॅश ए' चालवा (टाइप अर्थातच रोमनमध्ये; मशीनला झोपायचे कोणते प्रकार येतात ते ही कमांड सांगते) आणि वर काय येतं ते सांगा. तिसरं, इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग (विंडोजची नोंदवही) उघडून हँग व्हायच्या वेळच्या लाल-पिवळ्या नोंदी बघा.

खारीबटर:
आज सकाळी झालाच. कॅप्स लॉकचा दिवा सुरुवातीला लागत होता, मिनिटाभराने तोही बंद. चार बटणांनी टुक आवाज आला, पडदा लुकलुकला, बाकी जैसे थे.

कमांडमध्ये 'स्टँडबाय (एस0 लो पॉवर आयडल)' आणि 'हायबरनेट' उपलब्ध आहेत, 'एस3' उपलब्ध नाही असं आलं.

लॉगमध्ये काही म्हणजे काहीच नाही. रात्री झोपल्याची नोंद आणि सकाळी बटण दाबून चालू केल्यावरची कर्नल-पॉवर 41. मधला सगळा कोरा कागद. लॉगसुद्धा झोपला होता बहुतेक.

लोकलनाथ:
41 चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. बटण दाबून तुम्हीच बंद केलंत, ते त्याने लिहून ठेवलं. कारण त्यातून कळत नाही.

जाता जाता: एस0 वाले लॅपटॉप पूर्ण झोपतच नाहीत, पेंगतात. जुन्या एस3 मध्ये रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तुटायची. एस0 मध्ये मशीन चालूच असतं, फक्त एकेक भाग आपापला खालच्या पातळीवर जातो. माझा दादर ते ठाणे सॅकमध्ये इस्त्रीसारखा तापतो. तुमचाही तापतो का?

खारीबटर:
नाही, थंडच असतो. तापला असता तर डब्याशेजारी ठेवला असता.

तिरफळ:
ताई, तो कोरा कागदच महत्त्वाचा आहे. मशीन मिनिटभर जिवंत होतं, बाण हलत होता, कॅप्स लॉक चालत होतं, ग्राफिक्स रीसेटही झालं. म्हणजे प्रोसेसर, रॅम, पडदा शाबूत. तरी त्या मिनिटात लॉगमध्ये एक ओळ उतरली नाही. लॉग लिहितात कुठे? डिस्कवर. डिस्कच उठली नसेल तर तक्रार लिहायची कशावर?

तुमची लक्षणंही तशीच आहेत. जे रॅममध्ये आहे ते चालतं, म्हणून बाण फिरतो. पासवर्ड टाकला की विंडोजला डिस्कवरच्या फायली लागतात, तिथे ते अडकून बसतं. मग एकेक प्रोग्रॅम डिस्कची वाट बघत रांगेत उभा राहतो आणि शेवटी सगळंच थिजतं.

मला सांगा, गेल्या दोन-तीन महिन्यांत मशीन कोणी उघडलं होतं का?

खारीबटर:
अय्या, हो! विंडोज 11 टाकायच्या वेळी जागा पुरत नव्हती, म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, बदलून घेतली. 256 जीबीची काढून 1 टीबीची. विंडोजही त्यांनीच टाकून दिलं. हे सांगायचं डोक्यातच आलं नाही, कारण मशीन आधीपेक्षा जोरात पळतंय.

हातोडी:
घ्या. कसली होती? नकली असणार.

तिरफळ:
नकलीच असं म्हणायची घाई नको. एनव्हीएमई (एसएसडीची वेगवान जात) ड्राइव्हला स्वतःच्या वीज वाचवायच्या पातळ्या असतात आणि सगळ्यात खोल पातळीवरून परत येताना गडबडणारं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर) चांगल्या ड्राइव्हमध्येही सापडतं. लॅपटॉपच्या बायोसशी (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) न जुळणं हाही प्रकार असतो. शिवाय बॅटरीवर आणि चार्जरवर वीज वाचवायच्या सेटिंग वेगळ्या असतात. दुपारी ऑफिसात चार्जर लावलेला असतो का?

खारीबटर:
असतो! घरी रात्री काढून ठेवते, बॅटरी फुगते म्हणून.

तिरफळ:
मग दोन कामं करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडता येतं. बॅटरीच्या रकान्यात 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' करा. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून मशीन खरोखर बंद होतं, त्यामुळे सकाळी ड्राइव्ह पहिल्यापासून सुरू होते, खोल झोपेतून उठायचा प्रश्नच येत नाही. आठवडाभर एकदाही हँग झाला नाही तर आपला संशय बरोबर.

आणि लॉगमध्ये गेल्या महिन्याभरातली 129 नंबरची नोंद शोधा. डिस्क कधी उशिरा का होईना उठली असेल, तर ती सापडेल.

खारीबटर:
सापडली! एका रविवारी लॅपटॉप दीडेक मिनिट अडकून आपोआप सुटला होता, मला वाटलं देव पावला. त्याच वेळेची नोंद आहे: सोर्स 'स्टोअरएनव्हीएमई', आयडी 129, 'रीसेट टू डिव्हाइस' वगैरे.

तिरफळ:
हीच. ड्राइव्ह उत्तर देईना म्हणून विंडोजने तिला हलवून उठवलं. त्या दिवशी ती उठली, म्हणून नोंद उरली.

आता एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्यांचं टूल घ्या आणि फर्मवेअरचा अपडेट आहे का बघा. आधी बॅकअप. पेनड्राइव्ह का होईना, पण बॅकअप. चार्जर लावून करा, मध्ये बंद करू नका. त्यानंतर लॅपटॉपचा बायोसही जुना असेल तर तो बदला. बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर बायोसच्या आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे विसरून सकाळी निळ्या पडद्यासमोर बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांत मीही होतो.

खारीबटर (दोन आठवड्यांनी):
उशीर झाला, ऑफिसात ऑडिटची गडबड होती.

हायबरनेटवर आठ दिवस ठेवला, एकदाही अडकला नाही. उठायला वीसेक सेकंद घेतो, तेवढ्यात चहा ओतून होतो. मग टूल उतरवलं, फर्मवेअरचा अपडेट होताच. केला. दुकानदाराला फोन लावला होता, तो म्हणाला, 'मॅडम, सब लोग यही डालते हैं, कोई कंप्लेंट नहीं.' बायोसचाही नवा अपडेट होता, तोही टाकला, रिकव्हरी की कागदावर लिहून. मग मुद्दाम परत 'स्लीप' लावलं, चार्जर काढून. आज सहावा दिवस, रोज सकाळी घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय. 129 ची नवी नोंद नाही.

तिरफळदादा, मनापासून आभार. एक शेवटचं विचारते: जुनी 256 ची घरात पडून आहे. बाहेरून जोडून बॅकअपला वापरता येईल का?

तिरफळ:
येईल. एनव्हीएमई आहे की साटा (जुनी, संथ जात) ते लेबलवर वाचा आणि त्या जातीचाच एन्क्लोजर (यूएसबीने जोडायची डबी) घ्या. काही एन्क्लोजर दोन्ही जातींना चालतात, काही एकालाच. दिसायला एम-दोनच्या पट्ट्या (लॅपटॉपमधल्या चपट्या एसएसडी) सारख्याच असतात, फसू नका.

दुपारची झोप:
आणि माझ्या फर्मवेअरचं काय?

लोकलनाथ:
हायबरनेट करा.