सलग चार दिवस चार मॅरेथॉन: साडेसहा तास लागणाऱ्या धावकाने हे कसे जमवावे?

मांजलपूरकर

सर्वांना नमस्कार. मी वडोदऱ्यात मांजलपूर भागात राहते. वय ५२ वर्षे, वजन साधारण ६० किलो. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर पार करायला मला सव्वासहा ते पावणेसात तास लागतात आणि यापुढे हा वेळ फारसा कमी होईल असे मला वाटत नाही, त्याची खंतही नाही. इंग्लंडमध्ये विंडरमिअर सरोवराभोवती दहा दिवसांत दहा मॅरेथॉन धावण्याचा उपक्रम होतो. त्याच सरोवराला रोज नव्याने प्रदक्षिणा घालायची. त्याविषयी वाचल्यापासून आपणही आपल्या ऐपतीप्रमाणे, म्हणजे सलग चार दिवस चार मॅरेथॉन, येत्या जानेवारीत घराजवळच्याच रस्त्यांवर कराव्यात असे मनात आहे. ही स्पर्धा नाही, पदकही नाही.

अडचण अशी की, या विषयावर जे काही वाचायला मिळते ते साडेतीन-चार तासांत धाव संपवणाऱ्यांनी लिहिलेले असते. धावून आल्यावर मालिश करून घ्या, दुपारभर पाय वर करून पडा, सायंकाळी हलके फिरून या, असे सल्ले त्यात असतात. माझा निम्मा दिवस रस्त्यावरच जाणार, शिवाय घरी सासूबाई आहेत, स्वयंपाक आहे. सुरुवातीपासून धावणे आणि चालणे आलटून पालटून करावे की जमेल तितके धावून मग चालावे? धावून आल्यावर मला दोन-तीन तास अन्नाकडे पाहवत नाही, त्याचे काय करावे? आणि नोकरीमुळे लांब धावा शनिवार-रविवारीच शक्य आहेत, तेवढ्या सरावावर हा बेत आखणे शहाणपणाचे ठरेल का?

संथगती, गोत्री

ताई, नमस्कार. आपला वेग ही या बेतातली खरी अडचण नाही. खरी अडचण उरलेल्या तासांची आहे. चार तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याला पुढच्या धावेपूर्वी वीस तास मिळतात आणि आपल्याला साडेसतरा. त्यातले दोन-अडीच तास तयारी, आंघोळ, पायांची देखभाल आणि कपडे-बूट यांत जातात, आठ तास झोपेचे धरले की सात उरतात आणि त्या सातांत घर, फोन, पाहुणे सगळे आपापला वाटा मागतात. म्हणून माझा सल्ला असा की, धावण्याचा तक्ता नंतर करावा, आधी या साडेसतरा तासांचा करावा.

पहाटे चारला सुरुवात केली तर पावणेअकरापर्यंत आपण घरी असाल. जानेवारीत आपल्याकडे पहाट बारा-तेरा अंशांची असते, पण दुपारी पारा अठ्ठावीसच्या आसपास जातो, त्यामुळे शेवटचे दहा किलोमीटर उन्हात काढण्यापेक्षा पहिले वीस अंधारात काढलेले चांगले. अकराच्या आत काहीतरी पोटात, मग आंघोळ, बारा ते दोन झोप, अडीचला जेवण, सायंकाळी साडेसहाला दुसरे जेवण आणि पावणेआठला दिवा बंद. एवढे जमले तर तीनला उठणे जड जात नाही. स्वयंपाकघराची जबाबदारी मात्र चारही दिवस दुसऱ्या कोणाकडे पूर्णपणे सोपवावी. "मी आल्यावर कुकर लावते" असे म्हणून निघालात तर बेत तिसऱ्या दिवशी मोडेल आणि दोष पायांना दिला जाईल.

धावणे-चालणे पहिल्या मिनिटापासूनच आलटून पालटून करावे. ही पद्धत जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली, आणि ते स्वतः १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले होते, तेव्हा चालणे म्हणजे हरणे ही समजूत मनातून काढून टाकायला हरकत नाही. गणित करून पाहा. ताशी सहा किलोमीटरने केवळ झपाझप चालले तरी मॅरेथॉन सात तास दोन मिनिटांत होते. एक मिनिट ताशी आठ किलोमीटरने धावणे आणि एक मिनिट ताशी साडेपाचने चालणे असे शेवटपर्यंत सांभाळले तर सरासरी ताशी पावणेसात किलोमीटर पडते आणि अंतर सव्वासहा तासांत संपते. पाणी, खाणे, बूट सोडून बांधणे यासाठी आणखी अर्धा तास धरला तरी आपली नेहमीचीच वेळ येते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पायावर पडतो आणि चालताना तो वजनापेक्षा थोडासाच अधिक असतो. म्हणजे वेळ तीच, मात्र पायांवरचा मारा बराच कमी. जमेल तितके धावून मग चालू, असे ठरवणारा माणूस पहिल्या दिवशी तीस किलोमीटर धावतो आणि त्याची किंमत उरलेले तीन दिवस मोजतो.

पहिल्या दिवशी चालायला लाज वाटेल, हेही सांगून ठेवतो. पाय ताजे असतात, कमाटीबागेपाशी ओळखीचे कोणीतरी हमखास भेटते आणि "का हो, इतक्यात दमलात?" असे विचारते. हसून पुढे जावे. पहिला दिवस आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटे सावकाश संपला तर तो उत्तम गेला असे समजावे. मिलिंद सोमण २०१६ मध्ये अमदाबादहून मुंबईपर्यंतचे ५२७ किलोमीटर आठ दिवसांत अनवाणी धावले, त्याची आठवण करून देणारेही भेटतील. त्यांच्याविषयी आदर असावा, पण त्यांच्याशी तुलना करत बसू नये.

खाण्याविषयी. आपल्या वजनाला एका मॅरेथॉनमध्ये साधारण अडीच हजार किलोकॅलरी खर्च होतात. स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, रोज भरून निघायचा तर वजनाच्या दर किलोमागे आठ ग्रॅम, म्हणजे आपल्यासाठी सुमारे ४८० ग्रॅम कर्बोदके दिवसभरात पोटात जायला हवीत. केवळ भाताने ही भरपाई करायची तर सहाशे ग्रॅम कच्चे तांदूळ लागतील, आणि इतका भात कोणालाही जात नाही. त्यामुळे बराचसा भाग रस्त्यावरच खाल्ला पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासानंतर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत: केळे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला मीठ लावलेला बटाटा, जे पचते ते. धावून आल्यावर अन्न नकोसे होत असेल तर चावू नका, प्या. मीठ-साखर घातलेले पातळ ताक, दुधात कुस्करलेले केळे, पातळ पेज असे अर्ध्या तासाच्या आत थोडेथोडे घेतले की दोन तासांनी वरणभाताची भूक आपोआप लागते. सेव-उसळीचा मोह चौथ्या दिवशी दुपारपर्यंत आवरावा. तिच्या तिखटाचा हिशोब दुसऱ्या दिवशी पहाटे बाराव्या किलोमीटरला द्यावा लागतो.

पायांची तयारी आदल्या रात्री नको, निघण्यापूर्वी करावी. बोटे पूर्ण कोरडी करून, जिथे घासते त्या बोटाभोवती झिंक ऑक्साइडची पट्टी सुरकुती न पडू देता गुंडाळावी, तिची कड बोटाच्या वरच्या बाजूला यावी, खाली नव्हे. बाकी बोटांच्या फटींत पेट्रोलियम जेली लावावी आणि मोजा गुंडाळी करून टाचेपर्यंत उलगडत न्यावा, ओढू नये. दुसऱ्या दिवसापासून पाय सुजतात, म्हणून बुटांचे दोन जोड ठेवावेत आणि त्यांपैकी एक अर्ध्या मापाने मोठा घ्यावा.

फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

वरील उत्तराशी सहमत आहे. वैद्यकीय बाजूने काही भर घालते.

मॅरेथॉननंतरची स्नायूदुखी चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. ही दुखी दोन्ही मांड्यांत सारखी, पसरट असते आणि पहिले तीन-चार किलोमीटर चालल्यावर थोडी सैल होते. ती सहन करण्यासारखी आहे. मात्र नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी वेदना, जी एका पायावर उडी मारल्यास कळ आणते, ती सहन करायची नसते. तिथे धाव थांबवावी. घोट्याच्या पुढच्या बाजूला, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूबंधांवर येणारी सूज अनेक दिवस सलग धावणाऱ्यांत नेहमी दिसते. बुटाची नाडी सर्वांत वरच्या छिद्रात घट्ट बांधल्याने ती वाढते, म्हणून तिथे नाडी सैल ठेवावी.

लघवीचा रंग रोज पाहावा. ती गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी होऊ लागली तर स्नायूंचा नाश होऊन त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण आणत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. ब्रिटिश कलाकार एडी इझार्ड यांनी २००९ मध्ये ५१ दिवसांत ४३ मॅरेथॉन केल्या होत्या, तरीही २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत २७ दिवसांत २७ मॅरेथॉनचा प्रयत्न त्यांना चार मॅरेथॉननंतर याच कारणाने सोडावा लागला. तो संकल्प त्यांनी २०१६ मध्ये पूर्ण केला. अनुभव असला म्हणजे हे होत नाही, असे समजू नये.

पाण्याच्या बाबतीत सावकाश धावणाऱ्याला वेगवान धावकापेक्षा वेगळा धोका असतो. त्याच्याकडे पाणी पिण्यासाठी वेळ अधिक असतो आणि घाम दर तासाला कमी जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते, आणि ज्यांचे वजन धावताना वाढले व ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. म्हणून निघताना आणि परतल्यावर वजन करावे. ते थोडे कमी व्हावे. वाढले असेल तर पाणी अधिक झाले. तहान लागेल तसे प्यावे, आणि त्यातील काही भाग ओआरएसचा असावा. डोके दुखणे, मळमळ, बोटांतली अंगठी घट्ट होणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसल्यास आणखी पाणी पाजणे हा उपाय नाही, डॉक्टर हा उपाय आहे.

वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, या चार दिवसांत घेऊ नयेत. थकलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो, शिवाय थांबण्याचा इशारा देणारी वेदनाच त्या दाबून टाकतात. आणि वय पाहता बेत पक्का करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, यात चर्चेला वाव नाही.

दांडियाबाजारकर

माझे मत थोडे वेगळे आहे. चारचा आकडा आधी ठरवून शरीराला त्यात बसवण्यापेक्षा नोव्हेंबर अखेरीस एका शनिवार-रविवारी तीस आणि वीस किलोमीटर असे अंतर करून पाहावे, डिसेंबरच्या मध्यात एक दिवस रजा काढून तीन दिवस सलग पंचवीस-पंचवीस करावेत, आणि तिसऱ्या दिवशी आपण कशा आहात त्यावर आकडा ठरवावा. आळंदीहून निघालेली माउलींची पालखीही पुण्यात दोन मुक्काम करते. मध्ये एक दिवस थांबल्याने कोणाची वारी खोटी ठरत नाही. शनिवार-रविवारचा सराव पुरेसा आहे, फक्त शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणावे.

तारखांचेही पाहा. उत्तरायणाच्या आसपास मुळीच धावू नये. १४ आणि १५ जानेवारीला तर नाहीच, पण आदल्या आठवड्यापासूनच मांजा रस्त्यावर आडवा लोंबकळत असतो आणि पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही. जानेवारीचा शेवटचा आठवडा बरा. लांबच्या मार्गापेक्षा घराजवळचा सहा-सात किलोमीटरचा फेरा ठेवावा, म्हणजे स्वच्छतागृह, पाणी आणि माघार या तिन्ही गोष्टी हाताशी राहतात. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे एकाच दिशेने फिरल्यास एकाच गुडघ्यावर ताण येतो. दर फेरीला दिशा बदलावी. आणि पहाटे चारला रस्त्यांवर कुत्र्यांचे राज्य असते, तेव्हा पहिले दोन फेरे कोणीतरी स्कूटरवर सोबत असावे.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. हृदयतपासणीची वेळ घेतली आहे आणि तारखा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नेत आहे. स्वयंपाकाचे बोलणे घरी झाले. सासूबाईंनीच शेजारच्या पोळीवाल्या बाईंना सांगून टाकले. एकच शंका उरते. तिसऱ्या दिवशी फारच जड गेले तर सकाळी पंचवीस आणि सायंकाळी सतरा किलोमीटर असे विभागून केलेले चालेल का, की ती मॅरेथॉन म्हणता येणार नाही?

संथगती, गोत्री

टेरी फॉक्स यांनी १९८० मध्ये कृत्रिम पायाने १४३ दिवसांत कॅनडातील ५,३७३ किलोमीटर अंतर कापले, जवळजवळ रोज एका मॅरेथॉनएवढे, आणि तेही दिवसाचे अंतर मध्ये विश्रांती घेऊन टप्प्याटप्प्याने करत. त्यामुळे म्हणता येईल की नाही, हा प्रश्न मी फारसा मनावर घेत नाही. आपल्या वहीत जसे केले तसे लिहावे, म्हणजे झाले.

आपल्या बाबतीत माझी हरकत वेगळी आहे. सायंकाळचे सतरा किलोमीटर म्हणजे पावणेतीन तास. पाचला निघालात तर पावणेआठला घरी, मग आंघोळ, जेवण, आणि झोपेला दहा. दुसऱ्या दिवशी तीनला उठायचे असेल तर पाचच तास झोप मिळाली. दुपारची झोपही पायांत दुसऱ्या खेपेची धास्ती असल्याने धड लागत नाही. वाचवायला गेलात पाय आणि गमावलीत रात्र, असा तो सौदा होतो. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी धावणे पूर्ण बंद करून सगळे अंतर चालत करावे. ताशी साडेपाचने पावणेआठ तास लागतील, म्हणजे थांबे धरून दुपारी साडेबाराच्या सुमारास आपण घरी पोहोचाल आणि पुढचे वेळापत्रक पावणेदोन तासांनीच सरकेल. विभागणी करायचीच असेल तर ती चौथ्या दिवसासाठी राखून ठेवावी, कारण त्यानंतर पहाटे उठायचे नसते. टोपी आणि जास्तीचे मोजे मात्र तिसऱ्या दिवशी शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी फाटकापाशीच काढून ठेवा. ते आणायला घरात शिरून खुर्चीवर बसलात की उठणे कठीण.