मदत हवी आहे: सोडा ॲशच्या हॉपरमध्ये विहीर पडते, बाजूचा माल हलतच नाही

रबाळेवाला
नमस्कार मंडळी, मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या डिटर्जंट पावडरच्या युनिटला मेंटेनन्स बघतो, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला आहे त्यामुळे हॉपर-बिपर शिकलो नाहीये कधी, जे आहे ते बघून बघून. तर प्रॉब्लेम असा की लाइट सोडा ॲशचा (धुण्याच्या सोड्याची हलकी पावडर) एक हॉपर आहे, म्हणजे वरून भरायची आणि खालून माल सोडायची टाकी, चारेक टन माल बसतो, वरचा भाग सरळ चौकोनी आणि खाली चारही बाजूंनी निमुळता, एमएसचा (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पत्रा, आतून रंग मारलेला होता तो आता अर्धा निघालाय आणि गंज धरलाय. खाली ६०० बाय २५० मिमीचं तोंड आणि त्याखाली स्क्रू फीडर (फिरत्या मळसूत्राने माल पुढे ढकलणारा), तो मिक्सरला माल देतो. मोबाईलच्या ॲपने उतार मोजला तर चारही बाजूंना ५५ अंश आला.

उन्हाळ्यात कसंबसं चालतं. पाऊस सुरू झाला की वाट लागते. स्क्रू चालू, मोटारचे ॲम्पिअर पडलेले, आणि मिक्सरला माल शून्य. वरून टॉर्च मारली की मध्ये विहिरीसारखं भोक दिसतं आणि बाजूला भिंतीला दोन-अडीच टन माल तसाच चिकटून. मग हेल्पर बाहेरून हातोडे मारतात (पत्र्याला इतके पोचे पडलेत की बघवत नाही), आणि कधी अचानक सगळं धसतं आणि मग पावडर पाण्यासारखी येते, स्क्रू थांबवला तरी त्यातून वाहते आणि बॅच गेली. सुट्टीनंतरचा दिवस सगळ्यात वाईट.

शेट म्हणतायत अजून दोन व्हायब्रेटर लाव, एक ऑलरेडी आहे. आणि म्हणतात हॉपर कायम फुल्ल ठेवा, वरच्या वजनाने खालचा दबून बाहेर येईल. मला दोन्ही पटत नाहीये पण का ते सांगता येत नाही. परवा तर एक पोरगं शिडी लावून फावडं घेऊन आत उतरलं होतं. काय करू?

लिंबूसरबत
आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत बघा, गहू वरच्या टोपात ओतला की आपोआप खाली जातो, पण पीठ येतं त्या कापडी पिशवीला गिरणीवाला दिवसभर थापा मारत असतो. तुमचा सोडा म्हणजे पीठ आहे हो 😄 कॉम्प्रेसरची हवा मारून बघा आतून, आमच्याकडे सिमेंटला मारतात.

जुना फिटर
सगळ्यात आधी शेवटचं वाक्य. त्या पोराला परत आत उतरवायचं नाही, विषय संपला. वर जे दिसतं ती जमीन नसते, खाली पोकळी असते आणि वर कवच. पाय ठेवला की कवच फुटतं, माणूस आत आणि बाजूचा दोन टन अंगावर. दोराने ओढून काढू म्हणाल तर छातीपर्यंत गाडलेला माणूस ओढून निघत नाही. जुन्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ३६ याच बंदिस्त जागांसाठी होतं, आत न्यायचा दिवा सुद्धा २४ व्होल्टच्या वर नको असं ३६-ए मध्ये लिहिलं होतं, उगाच नाही लिहिलं. शेटना सांगा आजपासून वरच्या झाकणाला जाळी आणि कुलूप, स्क्रूला लॉक लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

लिंबूसरबत, तुमची हवा पावसाळ्यात नको. ड्रायर नसलेल्या कॉम्प्रेसरच्या लाइनमधून पाणी येतं, सोडा ॲश ते ओढून घेतो, हायड्रेट होतो आणि दगड बनतो. सिमेंटचंही तेच होईल खरं तर.

रबाळेवाला
काका आजच जाळी लावून घेतो. आणि आमच्या लाइनला ड्रायर नाहीये, लाइनमधलं पाणी जमतं तो ट्रॅप उघडला की ग्लासभर पाणी.

तळोजा_शिफ्ट_बी
मी तळोज्याला प्रोसेसमध्ये आहे, आमच्याकडे हेच रामायण दोन वर्षं चाललेलं म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा ५५ अंश हा सपाट बाजूचा कोन आहे. पण दोन बाजू जिथे जुळतात त्या कोपऱ्याचा कोन त्याहून कमी असतो. चारही बाजू सारख्या असतील तर बाजूच्या कोनाचा टॅन घ्या, दोनच्या वर्गमुळाने भागा. ५५ चा टॅन १.४३, भागिले १.४१, म्हणजे कोपरा फक्त ४५ अंशाचा! गंजलेल्या पत्र्यावर ४५ ला सोडा ॲश बसूनच राहणार. आधी चार कोपऱ्यांत माल धरतो, मग ते कोपरे एकमेकांना भेटतात आणि मधे तुमची विहीर उरते. चौकोनी निमुळता हॉपर फॅब्रिकेटरला सोपा, मालाला अवघड.

याला फनेल फ्लो म्हणतात. आधी आलेला माल शेवटी जातो, म्हणजे भिंतीचा माल महिनोन्महिने तिथेच दमट होत बसतो. आपल्याला हवा मास फ्लो, म्हणजे तोंड उघडलं की सगळाच्या सगळा माल भिंतीवरून घसरत खाली. ते कधी होणार हे अंदाजाने नाही ठरत, पावडर भिंतीवर किती घासते आणि दाबल्यावर स्वतःला किती धरून ठेवते हे मोजून ठरतं. अमेरिकेत यूटा विद्यापीठात जेनिके नावाच्या माणसाने हे सगळं बसवलं, १९६४ चं त्याचं बुलेटिन १२३ अजूनही लोक उघडतात.

आता एक सांगा. विहीर बरोब्बर मधोमध पडते की एका बाजूला?

रबाळेवाला
ताई भारी विचारलंत. मधोमध नाही पडत! स्क्रूच्या मागच्या टोकाकडे पडते, म्हणजे डिस्चार्जच्या उलट्या बाजूला. मला वाटायचं हॉपरच वाकडा बसलाय.

तळोजा_शिफ्ट_बी
वाटलंच होतं. हॉपर सरळ आहे, स्क्रू खोटा आहे. पिच (स्क्रूच्या दोन वेढ्यांमधलं अंतर) सगळीकडे सारखा असला की मागचे पहिले एक-दोन पिचच भरतात, पुढे सरकताना स्क्रू आधीच फुल्ल, मग पुढच्या मालाला जागा कुठे? म्हणजे तुमचं ६०० चं तोंड नावाला, चालतंय त्यातलं मागचं २०० भर. डिस्चार्जकडे पिच वाढत जायला हवा, किंवा मागच्या भागात शाफ्टवर निमुळता कोन वेल्ड करून तिथली जागा कमी करायची. दुसरं स्वस्तात होतं, लेथवाल्याचं काम.

जुना फिटर
+१. आणि व्हायब्रेटरचं. स्क्रू बंद असताना व्हायब्रेटर चालू राहतो का तुमच्याकडे? बरण्यांत रवा भरताना आपण बरणी ओट्यावर आपटतो ना, का? अजून बसावा म्हणून. तोंड बंद असताना व्हायब्रेटर तेच करतो, माल ठोकून बसवतो. स्क्रूच्या कॉन्टॅक्टरशी (मोटार चालू-बंद करणारा स्विच) इंटरलॉक करा, स्क्रू चालू तरच व्हायब्रेटर, तोही टायमरवर थोडा वेळ. तुम्ही इलेक्ट्रिकलवाले, हे तर तुमचंच काम.

हातोडा मात्र बंद. प्रत्येक पोचा आत फुगवटा बनतो, आणि त्या फुगवट्यावर माल टेकतो, म्हणून अजून हातोडा. हे चक्र मी भांडुपपासून रोह्यापर्यंत सगळीकडे पाहिलंय.

पारसिक
शेटच्या फुल्ल ठेवण्याच्या थिअरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाण्याच्या टाकीत खोली वाढली की दाब वाढतो, पण पावडरीचं तसं नाही, बरंचसं वजन घर्षणाने भिंती उचलतात. यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनीयरने १८९५ सालीच धान्य भरून दाखवलं की एका खोलीनंतर तळाचा दाब जवळजवळ वाढतच नाही. त्यामुळे वरून दोन टन अजून टाकून खाली माल अडकून बनलेली कमान फुटेल ही आशा सोडा. उलट सुट्टीत चार टन दीड दिवस उभा राहिला की स्वतःच्याच वजनाने घट्ट होतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हॉपर रिकामा करून जा, पावसाळ्यात तर नक्कीच. बॅगा तशाच सीलबंद राहू देत.

रबाळेवाला
पारसिक साहेब ते शेटना वाचून दाखवलं, ते म्हणाले जर्मन माणसाला आपला पाऊस माहीत नाही 🙏 पण रिकामा करायला हो म्हणाले.

ताई, भिंतीचं मोजायचं काही घरगुती आहे का? लॅबला पाठवायला आत्ता कोणी पैसे देणार नाही.

तळोजा_शिफ्ट_बी
आहे, कच्चं पण कामाचं. चार इंची पाइपची दोन इंच उंच रिंग कापा. पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून त्यात सोडा ॲश भरा, वर चकती आणि एखादं वजन, मग रिंग नखभर उचला म्हणजे पत्र्याला फक्त पावडरच टेकलेली राहील. आता पत्रा हळूहळू तिरका करत जा, घसरते त्या कोनाची नोंद. एक तुकडा तुमच्या गंजक्या एमएसचा, एक एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टील) टू-बी म्हणजे गुळगुळीत फिनिशवाला. वजन कमी-जास्त करून बघा, कमी वजनाला कोन मोठा येतो आणि तोंडाजवळ दाब कमीच असतो, त्यामुळे तोच धरा. आणि आजचाच माल घ्या, एप्रिलचा कोरडा नको.

रबाळेवाला
चार दिवसांनी अपडेट.

केलं. गंजलेल्या पत्र्यावर ३८-४० ला घसरली, एसएसवर २४-२५ ला. मी तीन तीनदा केलं कारण विश्वास बसेना. व्हायब्रेटर इंटरलॉक झाला, स्क्रू पाच मिनिटं चालतो तेव्हा व्हायब्रेटर दहा सेकंद, बस. त्याने एकट्यानेच फरक आहे, काल पूर्ण शिफ्टमध्ये दोनदाच अडकला, आधी तासाला व्हायचा. विहीर अजून पडते पण.

शेट आता आतून एसएस लायनर (पत्र्याचं अस्तर) लावायला तयार आहेत, शाफ्टचा कोन पण करतोय. प्रश्न असा की ५५ चा कोन तसाच ठेवून नुसता लायनर पुरेल का, की कापून नवीन तळ करायचा?

जुना फिटर
लायनर लावताना कोपरे तसेच ठेवू नका, प्रत्येक कोपऱ्यात पट्टी तिरकी घालून तो बोथट करा. लायनरचा जोड असा की वरची शीट खालच्या शीटवर येईल, कौलांसारखी, नाहीतर प्रत्येक जोडावर माल थांबेल. वेल्ड घासून घ्या.

तळोजा_शिफ्ट_बी
खरं सांगू का, ४५ च्या कोपऱ्यात पावसाळ्यात मला खात्री नाही वाटत. बोथट केलेत तर चान्स चांगला. मी असते तर आत्ता लायनर, शाफ्ट आणि कोपरे, आणि दिवाळीच्या शटडाउनला खालचा भाग बदलून चोची-आकाराचा, म्हणजे दोन बाजू उभ्या आणि दोनच तिरक्या. त्यात कोपऱ्याची दरी उरतच नाही, आणि गोल कोनापेक्षा उतारही जरा कमी चालतो.

रबाळेवाला
हे प्रिंट काढून शेटच्या टेबलवर ठेवतो. शीट कुठून घेऊ, ठाण्यात एकाने दोन एमएमचा भाव ऐकून झीट आली.

लिंबूसरबत
कळंबोलीच्या लोखंड बाजारात दोन-तीन ठिकाणी विचारा आधी. आणि सोबत लोहचुंबक न्या म्हणजे ३०४ च्या नावावर दुसरंच काही गळ्यात नाही पडणार.

जुना फिटर
चुंबकावर पूर्ण भरवसा नको, ३०४ सारखं २०० सिरीजचं स्टेनलेस पण चिकटत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि शीटवरचा हीट नंबर (स्टीलच्या लॉटचा नंबर) त्याच्याशी जुळवून बघा. दीड एमएम पुरेल तुम्हाला, दोन कशाला.