पाचवी-सातवीच्या पोरांना घरी इतिहास शिकवताना आधी सनावळी की आधी शोध?

टिळकवाडीची_आई

नमस्कार मंडळी, दीड वर्ष झालं दोन्ही पोरांना घरीच शिकवायला लागून, थोरली बारा वर्षांची आणि धाकटा दहाचा. गणित-विज्ञान बरं चाललंय, पण इतिहासात मी एक बदल केलाय आणि त्यावरून आमच्या घरातच दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारतेय.

आमच्याकडं जे तयार धडे होते त्यात एक पान वाचायचं, खाली पाच प्रश्न, उत्तरं त्याच पानात. पोरगी दहा मिनिटांत उरकायची आणि दुसऱ्या दिवशी काही म्हणजे काही आठवायचं नाही. 'बेळगावात १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष महात्मा गांधी' ही ओळ पण तिनं तशीच वाचली, आणि काँग्रेस विहीर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर! मी पुस्तक मिटलं आणि दोघांना घेऊन विहिरीवर गेले. तिथं धाकट्यानं विचारलं, सभेला विहीर कशाला लागते गं? तिथून पुढं चार आठवडे आम्ही हेच केलं. हजारो माणसं येणार म्हणजे पाणी लागणार, मग एवढं सगळं जमवलं कुणी तर गंगाधरराव देशपांड्यांनी, मग अधिवेशनाच्या जागेला विजयनगर आणि विहिरीला पंपा सरोवर ही नावं का दिली, हंपीकडची नावं इथं कशी आली. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि ते इथंच, हे पोरीनं दोन वेगळ्या पुस्तकांत ताडून पाहिलं तेव्हा कुठं वहीत लिहिलं.

वहीत तीन रकाने आखलेत. काय कळलं, कुणी सांगितलं, आणि त्याला कसं ठाऊक. तिसरा रकाना पहिले पंधरा दिवस रिकामाच राहायचा. आता ती पेपर वाचताना पण विचारते, ह्यांना कसं ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाचवी ते सातवी हे वय शोधायला शिकायचं आहे, सनावळ्या मागाहून भरता येतात. ह्या नादात दिल्लीची सुलतानशाही आमची पूर्ण राहून गेली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

शहापूरचे_मास्तर

ताई, तुमची तळमळ कळते, पण एकतीस वर्षं मराठी माध्यमात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून सांगतो, हे उलटं चाललंय. विहिरीला पंपा सरोवर का म्हटलं हा प्रश्न उत्तम, पण त्याचं उत्तर ज्या पोराला विजयनगर १३३६ ला उभं राहिलं आणि १५६५ च्या लढाईनंतर मोडलं हे ठाऊक आहे त्यालाच कळणार. नाहीतर हंपी, गांधीजी, विहीर, सगळं एकाच डब्यात. माझ्या वर्गात सातवीतल्या एका हुशार मुलानं लिहिलं होतं की कित्तूरच्या चन्नम्मानं शिवाजी महाराजांकडं मदत मागितली. राज्याभिषेक १६७४ चा आणि कित्तूरची लढाई १८२४ ची, मधे दीडशे वर्षं. त्याला गोष्टी दोन्ही पाठ होत्या, दोरी नव्हती. कपडे वाळत घालायचे तर आधी दोरी बांधावी लागते.

आणि सुलतानशाही राहून गेली ह्याचं वाईट वाटायलाच पाहिजे. बेळगावच्या किल्ल्यात सफा मशीद कशी आली, आदिलशाही इथं कशी पोचली, ह्याची मुळं तिकडंच जातात. विहीर जवळ आहे म्हणून तेवढीच बघायची का?

निपाणीची_लेक

मास्तर, तुमचा मान राखून, दोरी वगैरे ठीक आहे पण पोराला कपडेच नको असतील तर दोरी बांधून काय उपयोग ओ. आमचा सातवीचा मुलगा इतिहास म्हटलं की झोपायचा. मग आम्ही त्याला आज्जीकडं बसवलं. १९८१ चं तंबाखूचं आंदोलन आमच्या निपाणीत प्रत्येक घरात आहे, शरद जोशींच्या मागं शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसले होते, पुढं गोळीबार झाला, माणसं गेली. पुस्तकात त्याला एक ओळ मिळाली तर मिळाली.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, आज्जी आंदोलनात काय झालं? आज्जी म्हणाली लई माणसं होती बाबा, आणि गप्प. मग आम्ही दोघांनी बसून प्रश्न बदलले. तू तेव्हा कुठं राहत होतीस, वखारीत कामाला किती वाजता जायचीस, बैलगाड्या रस्त्यावर होत्या तेव्हा घरात शेण-पाणी कोण बघायचं, भाकरी कुणी बांधून न्यायची. तेव्हा आज्जी दीड तास बोलली. शेजारच्या काकांनी तेच सगळं वेगळं सांगितलं, दिवस पण वेगळे सांगितले, एकजण म्हणतो शिमगा झाल्यावर लगेच, दुसरा म्हणतो आंबे यायला लागलेले. पोरगा म्हणाला ह्यातलं खोटं कोण बोलतंय? मी म्हटलं कुणीच नाही, तू जुना पेपर बघ. वाचनालयात जाऊन जुन्या फायली काढायला लावल्या, मार्च-एप्रिल सापडलं, म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते की. त्या दिवसापासून त्याला कळलं की माणसाची आठवण आणि तारीख ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही लागतात. हे कुठल्या पाठांतरानं आलं असतं सांगा बघू.

खानापूरचा_पाव्हणा

निपाणीच्या अक्का, तुमच्या आज्जी हयात आहेत आणि मराठी बोलतात, म्हणून जमलं. मागं गेलात की काय करणार? आमच्या तालुक्यात हलशी आहे, कदंब राजांचे ताम्रपट सापडलेलं गाव, ते संस्कृतात. देवळांतले शिलालेख हळेकन्नडमधे, म्हणजे जुन्या कन्नडमधे. घरातल्या पेटीत पणज्याचे कागद आहेत ते मोडीत. जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीचा ग्रंथ, १८८४ चं, इंग्रजीत. बेळगाव किल्ल्यातल्या बस्तीचे, म्हणजे जैन देवळाचे, १२०४ चे दोन शिलालेख तर लंडनला ब्रिटिश म्युझियममधे जाऊन बसलेत. दहा वर्षांच्या पोरानं ह्यातलं काय वाचायचं? शेवटी आईच सगळं वाचून देणार आणि पोर लिहून काढणार, म्हणजे संशोधन आईचं झालं, पोराचं नाही. नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ बघून उतरवणार.

माझ्या पोरीला कित्तूरच्या चन्नम्माच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णावर माहिती काढायला सांगितली तर तीन व्हिडिओ बघून तीन वेगवेगळ्या कहाण्या लिहून आणल्या, एकात तर कुठल्यातरी सिनेमातला डायलॉग. मी तिला गाडीवर घालून नंदगडला नेलं. इथं २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिलं, ही समाधी, हे झाड, एवढंच सांगितलं. ती अर्धा तास तिथनं हलली नाही. ह्या वयात पोटात शिरणारी गोष्ट पाहिजे, पुरावा-बिरावा कॉलेजात बघू.

टिळकवाडीची_आई

खानापूरकर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी पहिल्यांदा तिथंच अडकले होते. गॅझेटिअरचं एकच पान घ्यायचं, मी मराठीत सांगायचं, पण प्रश्न तिनं विचारायचा. हे कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं. साहेबानं कलेक्टरांसाठी लिहिलंय म्हटल्यावर ती म्हणाली म्हणून ह्यात पीक आणि सारा एवढा आहे होय! आता हे संशोधन आईचं की पोरीचं?

नंदगडला तुम्ही नेलंत हे फार चांगलं केलंत, पण ते तीन व्हिडिओ फेकू नका, तेच तर साहित्य आहे. तिघांपुढं तीन रकाने भरायला लावा. दोन व्हिडिओंच्या तिसऱ्या रकान्यात काहीच भरता येणार नाही, ते तिचं तिलाच दिसेल.

आणि भाषेचं म्हणाल तर आपली पोरं इथं नशीबवान आहेत असं मला मनापासून वाटतं. पुण्यातल्या पोराला कन्नड वाचता येत नाही, माझ्या पोरीला येतं. बेलवडीच्या मल्लम्माचंच घ्या. महाराज दक्षिणेतून परतताना १६७८ ला बेलवडीच्या गढीला वेढा पडला. कन्नड कथेत ती राणी मल्लम्मा, मराठीत तिला सावित्री म्हटलंय. आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांनी पोरीला त्यांच्याकडची गोष्ट सांगितली, मी आपल्याकडची सांगितली, आणि तिसरं म्हणजे राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांचं त्याच वर्षीचं पत्र, त्यात एका देसाईणीनं गढी झुंजवल्याची बातमी आहे. पोरगी म्हणाली इंग्रज तर तिथं नव्हतेच, त्यांनी पण ऐकलंच. पण ऐकलं त्याच वर्षी, आणि गोष्टी कितीतरी नंतर लिहिल्या. बारा वर्षांच्या पोरीला समकालीन म्हणजे काय हे मला समजवावं लागलंच नाही.

अनगोळचा_मावळा

इथंच माझं डोकं फिरतं. अक्का, राग मानू नका, पण अकरा-बारा वर्षांच्या पोरापुढं महाराजांविषयी असले वाद ठेवायची काय गरज? आपण सीमेवर राहतो. बाहेर पाटी वेगळी, ऑफिसात भाषा वेगळी, पोरांना आपलं म्हणून जे काय मिळतंय ते घरातच मिळतंय. ते पण तपासून घ्या, पुरावा दाखवा असं म्हणून सुरुवात केली तर त्यांच्याकडं उरणार काय? आधी मनात घट्ट बसू दे, मग मोठं झाल्यावर काय ते तपासू देत. माझ्या बापानं मला राजहंसगडावर खांद्यावर बसवून नेलं तेव्हा रकाने नव्हते आखले.

निपाणीची_लेक

मावळे, त्याच इंग्रजांच्या पत्रात महाराजांनी एवढी राज्यं जिंकली असं पण म्हटलंय की. आणि धारवाडजवळ यादवाडला दगडात महाराजांची मूर्ती कोरलेली आहे, ती मल्लम्माच्याच आठवणीशी जोडून सांगतात लोक. जिच्याशी लढाई झाली तिच्या मुलखात महाराज दगडात उभे आहेत, ह्यानं पोराचा अभिमान कमी होणार की वाढणार? मला वाटतं घाबरायचं काही कारण नाही. तपासलेलं जे टिकतंय ते पोर आयुष्यभर धरून ठेवतंय, आणि बाहेर कुणी वाद घालायला आला तर त्याला उत्तर पण देतंय.

अनगोळचा_मावळा

देऊ दे उत्तर, चांगलंच आहे. पण मग १ नोव्हेंबरचं काय सांगता पोरांना ते सांगा. १९५६ ला त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं आपला काळा दिवस, तोंडाला काळी पट्टी. हे पण तीन रकान्यात घालणार? २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा पडलाय, मोठ्यांना सुटेना आणि पोरांना शोधायला लावणार?

शहापूरचे_मास्तर

हा प्रश्न योग्य आहे आणि माझा पहिला मुद्दा इथं पुन्हा येतो. १ नोव्हेंबर १९५६ समजायला मुंबई इलाखा समजायला पाहिजे, संस्थानं समजायला पाहिजेत. आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं, एका गल्लीतनं पलीकडं गेलं की राज्य बदलायचं. मग सीमावादावर महाजन आयोग १९६६ ला नेमला, अहवाल १९६७ ला. हा क्रम नसेल तर पोर फक्त आपल्या घरातला राग शिकेल, दुसऱ्या घरातला पोर त्यांच्या घरातला. माझी ताईंना एक विनंती आहे, शोध चालू द्या पण वीस सनं पाठ करून घ्या. पुढं ओपन स्कूलची दहावी द्यायची तर चौदाव्या वर्षी बसता येतं, तेव्हा विहिरीवर चार आठवडे घालवलेत म्हणून कुणी मार्क देणार नाही.

टिळकवाडीची_आई

मास्तर, तुमचा पहिला रिप्लाय वाचून आम्ही आठवडाभरात एक गोष्ट केली ती सांगते. पोरांनी खरंच दोरी बांधली, हॉलच्या भिंतीवर. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. हलशीच्या कदंबांपासून आजपर्यंत पंधरा-सोळा विती झाल्या, भिंत पुरली नाही, दोरी दारावरनं वळवावी लागली. पण चिठ्ठी लावायचा नियम त्यांनीच ठरवलाय, तिसरा रकाना भरल्याशिवाय दोरीला चिठ्ठी नाही. आत्तापर्यंत अकरा लागल्यात. वीस मी पाठ करून घेणार नाही, तुम्ही म्हणता ते सगळं ऐकून पण माझं मत तेच आहे, मार्कांचं तेव्हा बघू. पण सुलतानशाहीचं मी माझं म्हणणं मागं घेते. दोरीवर तिथं मोठी मोकळी जागा दिसायला लागली आणि धाकटा रोज विचारतोय इथं काहीच झालं नाही का.

मावळे, १ नोव्हेंबरचं मी टाळतच होते, खरं सांगते. पण थोरलीनं दोरीवर १९५६ मापलं, वितीची बारा बोटं धरली तर आजपासून जेमतेम आठ बोटं मागं. म्हणाली आई, हे एवढं जवळ आहे म्हणजे तेव्हाची माणसं असतील की. आमच्या सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, शेजारच्या अक्कांच्या आई साधारण तेवढ्याच. तिनं दोघींसाठी एकच प्रश्नावली केलीय, एक मराठीत आणि तीच कन्नडमधे. पहिला प्रश्न, त्या दिवशी तुमची शाळा होती का? तो गुरुवार होता हे तिनं कॅलेंडर मागं मोजून काढलंय. दुसरा, घरात मोठी माणसं काय बोलत होती? तिसरा, दुसऱ्या दिवशी काय बदललं? राग कुणाचा बरोबर हे तिनं विचारलेलं नाही, मी पण घालायला सांगितलं नाही.

अनगोळचा_मावळा

माझी आई तेव्हा सात वर्षांची होती, वडगावात. तिला पण विचारायचं असलं तर पोरीला घेऊन या, रविवारी घरात असते.

शहापूरचे_मास्तर

विचारताना मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि त्या दिवसाची तारीख पोरीच्याच आवाजात घ्या. आम्ही वर्गात कितीतरी म्हाताऱ्यांना बोलावलं, कुणाचंच ठेवलं नाही.