घटस्फोट आणि घराचं मूल्यांकन: घर एक, आकडे दोन. मदत हवी आहे

मंडळी, सल्ला हवाय. संमतीने वेगळे होतोय, भांडायची हौसही आता संपली आहे, पण घरावर घोडं अडलंय. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या. तो घर ठेवणार आणि माझ्या हिश्श्याचे पैसे देणार, इथपर्यंत एकमत. किंमत किती धरायची?

त्याच्या व्हॅल्युअरचा आकडा १०० धरला तर माझ्याचा १२२ येतो. त्याचा माणूस आला तेव्हा मी तिथेच होते. बेडरूमच्या एका भिंतीला ओल आहे. इतकी वर्षं पाहुणे यायचे म्हटलं की आम्ही दोघं मिळून कपाट ढकलून ती झाकायचो. त्या दिवशी त्याने एकट्याने कपाट ओढलं आणि टॉर्च मारून पोपडे दाखवले. राग आला, हसूही आलं. (माझ्या व्हॅल्युअरला ती भिंत मी दाखवली नव्हती, हेही कबूल करते.)

वकील म्हणतात, सरासरी काढा आणि मोकळे व्हा. काढू का? शिवाय स्वयंपाकघर मी माझ्या पैशांनी नवं केलं, तो खर्च किमतीत धरतात का?

प्रतिसाद १
ताई, सरासरी इतक्यात नको. आधी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा. मूल्यांकनाची तारीख एकच आहे का? क्षेत्रफळ आतून मोजलंय की भिंती धरून? आणि तुलनेला घेतलेली घरं खरंच विकली गेलेली आहेत, की जाहिरातीतले भाव उचललेत? जाहिरातीत मालक मागतो तो आकडा असतो, मिळालेला नव्हे. हेतूही बघा. 'तातडीने विकल्यास' अशी किंमत काढली असेल तर ती बाजारभावापेक्षा कमीच येणार.

स्वयंपाकघराचा खर्च जसाच्या तसा किमतीत उतरत नाही. पावत्या जपून ठेवा आणि तो मुद्दा वकिलांकडे वेगळा मांडा.

धागाकर्ती
वाचले! बंद करून घेतलेली बाल्कनी माझ्या अहवालात खोली म्हणून धरली आहे, त्याच्यात मोजलेलीच नाही.

प्रतिसाद १
मग बरंचसं अंतर तिथेच असेल. त्या बांधकामाची परवानगी आहे का? नसेल तर कोणीही व्हॅल्युअर ती बेधडक खोली म्हणून धरणार नाही.

प्रतिसाद २
यातून गेलोय म्हणून लिहितो. आम्ही शेवटी दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमला. काय मोजायचं, कोणत्या तारखेची किंमत काढायची हे एका पत्रात लिहून दोघांनी सह्या केल्या आणि फी निम्मी-निम्मी दिली. पाहणीला दोघांनी हजर राहायचं, नाहीतर कोणीच नाही. तारीख वकिलांना विचारून ठरवा. वेगळे झालो तेव्हाची की आजची, हे त्या त्या कायद्यावर असतं.

हिशेब करताना कर्ज विसरू नका. किंमत १००, बाकी कर्ज ४० असेल तर वाटायचे ६०; हिस्सा सारखा असल्यास तुमचे ३०. आणि नुसतं हक्क सोडून भागत नाही, कर्जातून नाव काढल्याचं पत्र बँकेकडून लेखी घ्या. तुमच्या आपसातल्या कराराने बँक बांधलेली नसते. उद्या त्याने हप्ते थकवले तर तगादा तुमच्याही दारात.

धागाकर्ती
परवानगीचा कागद सापडत नाही, बहुतेक घेतलीच नव्हती. एकच व्हॅल्युअर नेमू असा त्याला मेसेज केला, 'चालेल' म्हणाला. या वेळी कपाट मीच आधी सरकवून ठेवते.